कापडाच्या गठ्ठ्यांमागची पाळत

तीर्थस्वरूप भाऊजींस, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल अशी आशा. ताई बरी असणारच. ती कधी आजारी पडल्याचं मला आठवत नाही (यातही काहीतरी गोम आहे). आम्ही इकडे ठीक.

पत्रास कारण, तुमचं मागचं पत्र. उष्मा वाढला की अख्ख्या प्रदेशाची आर्थिक वाढ खुंटते, असं तुमच्या आकडेवारी खात्याने शोधून काढल्याचं तुम्ही लिहिलंत. मी मनात म्हटलं, भाऊजींना खुर्चीत उकडलं असेल. कारण आमच्या शर्टांच्या कारखान्यातला प्रकार मी मुकादम म्हणून रोज पाहतो. सकाळी चाळीस मशिनी धडधडतात, दुपारी दोननंतर जेमतेम निम्म्या, आणि त्यातही बाह्या उलट्या. कामगार म्हणतात, पत्र्याखाली जीव नकोसा होतो. मग पाणी प्यायला तिघे-तिघे मिळून का जातात? काजं करणारी बाई तर डोक्यावर ओला रुमाल घेऊनच बसते. एवढी तयारी कटाशिवाय कोण करतं?

म्हणून मंगळवारी, दात दुखतोय असं मालकांना सांगून, मी घरी न जाता कापडाच्या गठ्ठ्यांमागे दबा धरून बसलो. अर्धा तास कोणीही काही लबाडी केली नाही. नुसते शिवत होते, तेही झोपेत शिवावं तसं. काजंवाल्या बाईच्या बोटांवरचा घाम सुईवर ओघळत होता. मग मला मशिनी हिरव्या दिसू लागल्या. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर बाई तोच रुमाल माझ्या कपाळावर दाबत होती.

"मुकादम, दात कसा आहे?" तिने विचारलं. (दया होती की टोमणा, अजून उलगडलेलं नाही.) मला मात्र स्वतःची लाज वाटली.

मालकांनी आता डोंगराकडच्या थंड गावात जागा पाहिली आहे. कारखाना तिकडे गेला तर इथली चाळीस घरं बसतील, आणि त्यांच्यावर चालणारी समोरची दुकानंही.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. : खात्याच्या शिक्क्यानिशी मालकांना एक पत्र पाठवाच. पत्र्यावर आच्छादन घाला, काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवा, शर्ट पुरे होतील, असं लिहा. आकडे भरपूर घाला.

आणखी ता. क. : इथली माणसं आळशी आहेत असा लेखी अहवाल मालकांना गेल्या महिन्यात मीच दिला होता. तो वाचूनच त्यांनी डोंगराची वाट धरली. तुमच्या पत्राने तो साफ खोटा ठरला, तरी मी मनाला लावून घेणार नाही.