पाहुण्याचं बटण

तीर्थरूप मामा,

नमस्कार. (साष्टांग घालायचा विचार होता, पण टेबलाखालची जागा तुमच्याच जुन्या कॉम्प्युटरने घेतली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणते तो दुखत नाही, तुम्ही फक्त जिना टाळता. मी गुडघा पाहिलेला नाही, त्यामुळे मत देत नाही. इकडे सगळे बरे आहेत. कॉम्प्युटरही बरा आहे, मधूनमधून बंद पडतो एवढंच. त्याबद्दलच लिहिते आहे.

दुकानातून तो काढून देताना तुम्ही म्हणाला होतात, "घेऊन जा बाई, भंगारवालासुद्धा हसला." भंगारवाल्याला त्यातलं कळत नाही. हे यंत्र हळू आहे हे खरं, पण एका दिव्याइतकी वीज खातं आणि अजिबात आवाज करत नाही. आपल्या नातेवाइकांत हे दोन्ही गुण एकत्र असलेलं कोणी मला आठवत नाही. (तुम्ही अपवाद आहात असं समजा.) मी त्याचा घरचा सर्व्हर केला. म्हणजे तो कायम चालू राहतो, घरातले फोटो आणि आईच्या शिवणकामाची सगळी मापं त्याच्या पोटात राहतात, आणि ती आपापल्या फोनवर कधीही बघता येतात. आई त्याला 'पाहुणा' म्हणते, कारण "दोन दिवस कोपऱ्यात राहू दे" असं सांगून मी त्याला घरात घेतला होता.

मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाल्याचं आईने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. बाबा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "जा की. पण हा तुझा पाहुणा सलग आठवडाभर तुझा हात न लागता चालवून दाखव. तू गेल्यावर तो रुसून बसला, तर तुझ्या आईने काय गिऱ्हाइकांकडे लांबून बघून कापड कापायचं?" अट वाजवी होती. मी मान्य केली. ती अजून पुरी झालेली नाही, आणि आता महिना संपायला आठवडाच उरला आहे.

पहिल्या खेपेला कारण आईचं होतं. पाहुण्यावर धूळ बसते हे तिला बघवेना. तिने टेपने त्याची मापं घेतली (चारी बाजूंनी, आणि "खांदे सरळ आहेत हो याचे" असा शेराही दिला) आणि जाड कापडाचा, अस्तर लावलेला, कडेला गोट असलेला अभ्रा शिवून घातला. वायरींसाठी काजं होती. मामा, शिलाई अप्रतिम होती. आतमध्ये यंत्र इतकं तापलं की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडलं. मी आईला समजावलं की त्याला वारा लागतो. ती दुखावली नाही, तिला हे फिटिंगचं काम वाटलं. आता त्याला पाठीला जाळी आहे आणि गळा खोल आहे. तापमान उत्तम आहे.

दुसऱ्या खेपेला इस्त्री आली. पाहुण्याची वायर काढून तिथे इस्त्री लावायची आणि नंतर परत खोचून ठेवायची, म्हणजे कोणाला कळत नाही, असा आईचा समज होता. मी तिला वेगळा पॉइंट काढून दिला.

मधल्या काळात एक प्रकार झाला, तो यंत्राचा दोष नव्हे. बँकेतल्या मॅनेजरबाई ब्लाउज टाकायला आल्या होत्या. त्यांना सोय दाखवावी म्हणून आईने हौसेने फोन त्यांच्याच हातात दिला. आई गिऱ्हाइकं नावाने ठेवत नाही, तिला लक्षात राहील अशा खुणेने ठेवते. बाईंचं माप 'पोट आत घेणारी' या नावाखाली होतं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "ही मी का हो?" आई शांतपणे म्हणाली, "छे, तुम्ही कशाला? तुम्हाला पोट आहेच कुठे?" बाईंनी आणखी दोन ब्लाउज टाकले. यावर मला काही म्हणायचं नाही.

आता मूळ मुद्दा. त्यानंतर पाहुणा दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा आठवडा भरत आला असताना, आणि दोन्ही वेळा कारण सापडेना. वीज गेली नव्हती, इस्त्री थंड होती, अभ्रा जागेवर होता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वायर ओढून किंवा वीज जाऊन हे यंत्र बंद पडलं, तर पुन्हा चालू होताना ते बराच वेळ स्वतःची तपासणी करत बसतं. या दोन्ही वेळा ते नीट झोप झाल्यासारखं उठलं. म्हणजे कोणीतरी बटण दाबून त्याला रीतसर बंद केलं होतं आणि त्याचा दिवा विझेपर्यंत थांबलं होतं. आई एवढं थांबणाऱ्यांतली नाही. बाबांची मात्र सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेली. पंप पूर्ण थांबल्याशिवाय तिथून हलायचं नाही, ही त्यांची सवय तुम्हाला माहीत आहे.

मी त्यांना काही विचारलं नाही. काल चहा घेताना ते आपणहून म्हणाले, "पाहुण्याची तब्येत काही बरी दिसत नाही बुवा. तू आहेस म्हणून चाललंय." मी म्हटलं, "बघते." ते म्हणाले, "बघ बघ. सावकाश बघ, घाई नाही." आणि त्यांनी माझ्या बशीत स्वतःचं बिस्किट ठेवलं.

बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार. जिन्याबाबत तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की पाहुण्याला मी तुमच्याकडे परत पाठवू का? इंटरनेट असलं की पुरे, आईला तिथूनही मापं दिसतील. बाबांचा हात तिथे पोचणार नाही आणि अट पुरी होईल.

ता. क. २ : वरचं राहू द्या. बटण कितीही दाबलं तरी यंत्र बंद होऊ नये, अशी सोय त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहून करता येते. ती ओळ मला पहिल्यापासून माहीत आहे. मी ती अजून घातलेली नाही. त्यामुळे कॉम्प्युटर पाठवत नाही, तुम्हीच या रविवारी या. बाबांशी बोला. वेळ उरला तर माझ्याशीही बोला.