आत येऊ दे, मग पकड

रविवार, १४ सप्टेंबर
इथल्या जर्मन क्लबच्या आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मेन सेफ्टी लुकास पाय मुरगळून घरी बसला. वाईट झालं. (फार वाईट वाटलं नाही.) पुढच्या रविवारी प्लेऑफ. जिंकलो तर क्लब वरच्या लीगमध्ये. लुकासच्या जागी कोण? अस्मादिक! वर्षभर मी बेंचवर बसून होतो असं क्रांती म्हणते. बायकोला काय कळतंय? मला राखून ठेवलं होतं.

सेफ्टी म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा माणूस. बाकीचे चुकले तरी त्याने चुकायचं नाही. इस्लामपूरला कॉलेजभर कबड्डीत डावा कोपरा सांभाळलाय मी. कबड्डी काय नि अमेरिकन फुटबॉल काय, पळणारा धरायचा. बस.

मंगळवार, १६ सप्टेंबर
शाळा सुरू. तनया चौथीत गेली. तिच्या वर्गाच्या पालक-ग्रुपवर मॅचचं आमंत्रण टाकलं. अख्ख्या वर्गाला. तनयाने विचारलं, की मेसेज डिलीट करता येतो का. लाजते पोर! आजवर शाळेत तिने माझ्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. आता काढेल. खरं सांगायचं तर मला तेवढंच हवंय. लीग-बीग ठीक आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
कोच मार्कुसने बाजूला घेऊन समजावलं, की तुझ्या पाठीमागे कुणीही जाता कामा नये. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणालो. तो बायरिश, म्हणजे इथली गावरान जर्मन बोलतो, निम्मं कळत नाही. संकल्प: आजपासून बिअर बंद, पोळ्या दोनच.

संध्याकाळी: आज शुक्रवार आहे हे लक्षात नव्हतं. उद्यापासून.

रविवार, २१ सप्टेंबर, सकाळ
लुकासचीच जर्सी घालायचीय. पोटावर जरा तंग. क्रांतीने विचारलं, की एकदा नियम वाचलेस का. मैदानी खेळ कुणी वाचून शिकतं का?

संध्याकाळ
हरलो. आल्झो, तर मग, निःपक्षपातीपणे लिहितो.

त्यांचा एकजण चेंडू घेऊन सगळ्यांना चकवत थेट माझ्याकडे आला. कोपऱ्याचा पहिला धडा काय? घाई नको. आत येऊ द्या, परतीची वाट अडवा, मग घोटा धरा. मी बाजूला सरून त्याला छान आत येऊ दिलं. आणि मागून घोट्यावर असा सूर मारला, की वा! रेफ्रीने दोन्ही हात वर केले. मला वाटलं, माझ्यासाठी. मीही केले. तो गडी शेवटच्या रेषेपार पोचला होता, म्हणजे टचडाउन, त्यांना सहा गुण. या खेळात पळणाऱ्याला परत जायचंच नसतं. बचावात माझ्या शेजारी खेळणारा फ्लोरियान म्हणाला, की वर्षभर प्रॅक्टिसला येतोस ना! अरे, प्रॅक्टिसमध्ये माहीत असतं. मॅचमध्ये रक्त बोलतं.

पुढच्या वेळी मी फ्लोरियानचा हात धरला. साखळी! दोघांच्या साखळीतून भलेभले सुटत नाहीत. फ्लोरियान घाबरून हात सोडवत बसला. पळणारा शेजारून निघून गेला. यात दोष निम्मा फ्लोरियानचा.

तरी शेवटच्या मिनिटाला आम्हीच पुढे होतो! मार्कुस घसा फोडून सांगत होता, की मागेच उभा राहा, काहीही करू नकोस. पण समोर त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून देणारा, चेंडू घेऊन एकटा, बावरलेला. असं गिऱ्हाईक सोडतात का? धावलो पुढे. चेंडू डोक्यावरून गेला. वळून पाहिलं तर मागे त्यांचा एक गडी आणि मोकळं गवत.

त्याने चेंडू झेलला आणि रेषेपार पळाला, मॅच गेली. काहीच करता येत नव्हतं, नुसता बघत राहिलो. तनयाचा वर्ग ओरडत होता. ती मान खाली घालून बुटाची लेस बांधत होती. कितीतरी वेळ. हेल्मेट न काढताच गाडीत जाऊन बसलो.

सोमवार, २२ सप्टेंबर
क्लबमध्ये व्हिडिओ. मार्कुस म्हणाला, की दोष कुणा एकाचा नसतो. मग माझाच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवला. ऊन डोळ्यांवर होतं हे त्यात नीट दिसत नाही. क्रांतीला सांगितलं तर म्हणाली, की नाचता येईना, अंगण वाकडं. संकल्प: तनयाशी मोकळेपणी बोलायचं. तिच्या खोलीचं दार बंद होतं. होमवर्क असेल.

गुरुवार, २५ सप्टेंबर
तनयाला आणायला न सांगता शाळेत गेलो. सरप्राइज! गेटवर तिच्या वर्गातली पोरं. एकाने दुसऱ्याचा हात पकडून साखळी करून दाखवली, सगळी खो-खो हसली. खेळाचा प्रसार होतोय.

मला बघून तनया धावत आली. घरी मराठीत विचारलं तरी पोरगी जर्मनमध्ये उत्तर देते. आज मात्र पोरांकडे बघत, हळू आवाजात, सगळंच्या सगळं मराठीत म्हणाली, की बाबा, मी यांना सांगितलंय, रविवारी तू तापाने घरी होतास, हेल्मेटमध्ये दुसराच कुणीतरी होता. तर आता जरा खोक.

वाक्यात एकही चूक नाही.

मी खोकलो. त्यातली दोन पोरं आमच्याच बसला होती, म्हणून बसमध्येही खोकलो.