भुरीचं वजन

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार

दोन किलो सहाशे. दोनदा पाहिलं – तेवढंच.

उपकेंद्राच्या ओसरीत लहान लेकरांच्या वजनाचा काटा टांगून आठ महिने झाले. करडी गावातलं एकही लेकरू अजून त्याच्या झोळीत बसलेलं नाही. आज पहिल्यांदा कोणी बसलं, ती माझी भुरी! चौदा वर्षांची म्हातारी मांजर. लाखांदूरला आईच्या पायात घुटमळत वाढली. आई गेल्यावर मीच तिला टोपलीत घालून एस.टी.नं इकडे आणली. दिवाळीत उचलली तेव्हाच हाताला हलकी लागली होती. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागतो.

समोरच्या हापशीवर बायका पाणी भरत होत्या. नर्सबाईला लेकरं भेटेनात म्हणून मांजर जोखून राहिली, असं कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. हसू देत.

९ नोव्हेंबर

दोन किलो पाचशे.

दूधभाताच्या वाटीशी धावत येते. एक घास घेते, मान झटकते, मागे सरते. मग वाटीकडे बघत बसते. भूक नसती तर बघत बसली असती का?

शेजारच्या ललिताबाई म्हणाल्या, वय झालं तिचं, आता काय करायचं. वय झालं म्हणून दुखणं सोसत बसू नये, हे मी घरोघरी सांगत फिरते. मग माझ्याच घरी का नाही?

१२ नोव्हेंबर

आज कुंताबाईंकडे गेले होते. कापणी चालू, घरचे सगळे धानाच्या बांधीत. घरी त्या आणि नात, गुलाब. चौदा महिन्यांची आहे, अजून उभी राहत नाही. तिचं मनगट हातात घेतलं – माझ्या दोन बोटांत मावलं. तिची आई चंद्रकला वजन करायला केव्हाची तयार आहे. पण गावातल्या बायका कुंताबाईंच्या शब्दाबाहेर जात नाहीत, तिथे सून कुठून जाणार!

मी नेहमीचं बोलायला लागले. वजन केलं की कळतं, वेळेवर कळलं की इलाज होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्वतःच सांगायला लागल्या. लग्नानंतर आठ वर्षांनी नवसाचा पहिला मुलगा झाला होता. नवस फेडायला त्याची गुळानं तुला केली, साऱ्या गावाला गूळ वाटला. आठ दिवसांत ताप आला आणि पोरगा गेला.

"माह्या हातानं त्याले पारड्यात बसवलं होतं बाई," म्हणाल्या. "आता माह्या घरचं लेकरू कोणी जोखाचं नाही."

आठ महिने मी या बाईला अडाणी समजत होते. एकदाही विचारलं नव्हतं की काहून नाही म्हणता. लाज वाटली स्वतःची.

१६ नोव्हेंबर

दोन किलो चारशे! आता वाट बघणं नाही. उद्या रजा.

१७ नोव्हेंबर

मोहाडीला जाऊन आले. ढोरांचा दवाखाना! बैल, म्हशी, एक लंगडी बकरी – आणि रांगेत मी, मांडीवर टोपली. एक शेतकरी टोपलीत डोकावला आणि कोंबडी आहे का म्हणाला. मांजर आहे म्हटल्यावर शेजाऱ्याला कोपर मारून हसला.

कृष्णराव डॉक्टर हसले नाहीत. नोकरीच्या बावीस वर्षांत मांजर घेऊन आलेली मी पहिलीच, म्हणाले. मग नीट तपासायला बसले. पापणी उलटून पाहिली, पोट चाचपलं, मानेखाली बोटं फिरवली, छातीला नळी लावली. पाणी किती पिते, लघवी किती, उलटी होते का – सगळं विचारलं. मी तीन सोमवारांची वजनं लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

शेवटी तोंड उघडायचं ठरलं. तुलाराम म्हणून त्यांचा मदतनीस आहे, बैल एकट्यानं आडवा पाडतो म्हणे. भुरी एकदाच फिस्कारली आणि हा गडी दाराशी! मीच तिला गोणपाटात गुंडाळून धरली. डॉक्टरांनी बॅटरी मारली. मागची दाढ किडून काळी पडलेली, हिरडी सुजलेली, आत पू. बिचारी रोज त्याच दाढेवर घास घेत होती आणि आम्ही म्हणत होतो वय झालं!

म्हातारी आहे, भुलीच्या सुईनं बरंवाईट होऊ शकतं, असं त्यांनी आधीच सांगितलं. थांबलो तर? विचारलं. उपाशी मरेल, म्हणाले. करा म्हटलं.

वीस मिनिटं लागली. दाढ बाहेर आली. भुरी जागी व्हायला तास लागला. तो तास मी तिच्या पोटावरून नजर काढली नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "दर सोमवारी जोखत जा. डोळ्याच्या आधी काटा सांगते."

हेच तर मी सांगत असते सगळ्यांना!

१९ नोव्हेंबर

पेजेत मासोळीचा रस्सा कालवून दिला. चाटूनपुसून वाटी साफ!

२३ नोव्हेंबर

दोन किलो चारशे. वाढलं नाही. पण कमीही झालं नाही! एवढ्यावर मी दिवसभर गुणगुणत होते.

३० नोव्हेंबर

दोन किलो सहाशे!!

७ डिसेंबर

दोन किलो आठशे. झोळीत आता स्वतःहून बसते, पाय खाली सोडून. हापशीवरच्या बायका हसायच्या थांबल्या, आता बघतात. आज कुंताबाई घागर भरून निघाल्या होत्या. ओसरीपाशी थांबल्या. माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती झाली?"

आकडा सांगितला. घागर सावरून गेल्या.

१४ डिसेंबर

तीन किलो! कुंताबाई आज घागर न घेताच हापशीवर आल्या होत्या. तीन म्हटल्यावर बोटांवर काहीतरी मोजलं. कुठल्या दाढेनं एवढं केलं, तेही विचारलं. भुरीनं जांभई दिली तेव्हा मी त्यांना ती रिकामी जागा दाखवली. कितीतरी वेळ बघत होत्या.

गुलाबचं नाव मी काढलं नाही. जिभेवर आलं होतं. गिळलं.

१८ डिसेंबर

पुन्हा मोहाडी, तपासणीसाठी. हिरडी भरली. पापणी गुलाबी. छाती ठीक, पोट ठीक. दर तीन महिन्यांनी आणत जा म्हणाले – म्हातारपणी वजन घसरलं की थांबायचं नाही, लगेच यायचं. माझा कागद त्यांनी मागून ठेवून घेतला, भिंतीवर डकवणार म्हणे! तुलारामनं आज स्वतः टोपली उचलून बसपर्यंत आणून दिली. झाकण मात्र घट्ट दाबून.

परत येताना करडीच्या थांब्यावर उतरले तर चार बायकांनी विचारलं, काय म्हणाला डाक्तर? जणू माझी लेक सासरहून आली होती! बरी आहे, ठणठणीत आहे, असं प्रत्येकीला वेगवेगळं सांगत घरी आले.

२१ डिसेंबर

तीन किलो दोनशे. कौलावर चढली! दोन महिन्यांत पहिल्यांदा. खाली उतरायला तयार नाही. मीही बोलावलं नाही. बसू दे राणीला.

२८ डिसेंबर, सोमवार

सकाळी दार उघडलं तर ओसरीत कुंताबाई. कडेवर गुलाब. मागे चंद्रकला, आणि तिच्या मागे आणखी नऊ जणी, प्रत्येकीच्या कडेवर लेकरू.

"नजर लागाची असती तं त्या मांजरीले लागली असती," म्हणाल्या. "आमच्या गुलाबले जोख."

झोळीत त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलं. मग डोळे मिटून घेतले.

सहा किलो दोनशे.

कमी आहे, बरंच कमी आहे, पण भरून निघेल, असं मी सांगितलं. उद्याच्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात दाखवू, मी सोबत येते म्हटलं. त्यांनी डोळे उघडले. गुलाबला उचलून पोटाशी धरलं. मला वाटलं, आता निघून जातील.

"उद्या येतो. मंग जोखाले पुढच्या सोमवारी किती वाजता आणू?"