कड नसलेला फळा

सोमवार, ४
पोहोचले बाई एकदाची. बसून बसून पायांचे खांब झाले होते, पण दारात ठकू दिसली आणि शीण कुठल्या कुठे पळाला. ठकू म्हणजे माझी धाकटी लेक. चौतिशीची झाली, हाताखाली माणसं आहेत, त्यामुळे ठकू म्हटलं की फणकारते. मी म्हटलं, कागदावरचं नाव कागदावर राहू दे, माझ्या तोंडातलं माझ्या तोंडात.

जावई कामासाठी सहा महिने परगावी गेलेत. ठकूचं ऑफिस घरातूनच चालतं, आणि कामाच्या नादात जेवणाची आबाळ, म्हणून मला बोलावून घेतलं. घर तिसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर. स्वयंपाकघराचं मात्र नाव काढू नये. कपांच्या तळाशी चहाचा वाळलेला साका, ओट्यावर चिकट थर, आणि ओटा पुसायच्या फडक्याला असा वास की हात आपसूक नाकाशी गेला. आधी फडकं सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं, मगच पाणी प्यायले. मी शिकले मॅट्रिकपर्यंत, पण स्वच्छतेत पदवी घेतली आहे, असं हे म्हणायचे. ह्यांना जाऊन चार वर्षं होतील. ह्यांचा फोटो आणि माझा देव खिडकीजवळच्या फळीवर मांडला.

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी उरली आहेत. टाकवत नाहीत. तिथेच ही रोजनिशी लिहीन म्हणते.

बुधवार, ६
आज ठकूने तिचा बोर्ड दाखवला. मी त्याला फळा म्हणते. भिंतीवर कपाटाच्या दाराएवढी काच. तिच्यावर बोटाने रंगीत चिठ्ठ्या लावायच्या, फोटो चिकटवायचे, ह्या विचाराकडून त्या विचाराकडे रेघा ओढायच्या. दोन बोटं फाकवली की चिठ्ठी डोळ्यांसमोर येते, आवळली की सगळा पसारा मुंगीएवढा. आणि सरकवत जावं तर संपतच नाही. मी विचारलं, ह्याची कड कुठे आहे? म्हणाली, आई, ह्याला कडच नाही, म्हणून तर घेतला ऑफिसने. डोक्यातलं सगळं इथे उतरवायचं, डोकं मोकळं. त्यातला एक कोपरा मला देते म्हणाली. मी म्हटलं, कड नाही तर कोपरा कुठून आला गं? खो खो हसली. किती दिवसांनी तिला अशी हसताना पाहिली.

वाणसामान आणि दूधवाल्याचे खाडे माझ्या कोपऱ्यात मांडले. कागद वाचतो, हे बरंच.

रविवार, १०
सवय लागली मला फळ्याची. थोरलीचा फोन नंबर ठेवला. सकाळचं स्तोत्र ठेवलं. हे दारात आले की कसे खाकरायचे, तेसुद्धा लिहिलं. आणि ठकूचं तर सगळंच: ती झाली ती पहाट, पहिला दात, गोवरात सात दिवस मांडीवर घेऊन बसले ते. म्हटलं, पुढे तिला वाचायला होईल. लिहून झालं की खरंच हलकं वाटतं, ओझं उतरवल्यासारखं.

एक डाग मात्र दिसला. चिठ्ठ्यांच्या पार पलीकडे, राखाडी, ओलसर. ओल्या फडक्याने घासला, मग मीठ लावून घासला. हलेना. तेव्हा कळलं की तो काचेवर नाही, आत आहे. पण मग फडकं हुंगलं तर दातांत दोन दिवस अडकलेलं काही निघावं, तसा वास. तो फडक्याला कुठून?

बुधवार, १३
ठकू आज दोनदा न्याहारीला बसली. मी थट्टा केली की पोटाला पण कड नाही वाटतं. हसली नाही. ती कुठल्या शाळेत होती ते आठवेना, तर जाऊन फळ्यावर पाहून आली आणि म्हणाली, आहे ना तिथे, मग डोक्यात कशाला हवं? तिची साहेबीण फळ्यावरच बोलते, चेहरा दिसतो. सारखं म्हणत होती, अजून उतरवा, अजून मोकळ्या व्हा. आणि बोलताना ओठ चाटत होती. मला शिसारी आली.

दुपारी ठकू झोपली असताना डाग जवळ ओढून पाहिला. पाहायला नको होता. डाग नव्हेच तो. कातडी आहे. भोकं भोकं, भोकाभोकात पाणी, एका भोकातून केस आलेला. ती कातडी ठकूच्या चिठ्ठ्यांपर्यंत पोहोचली आहे आणि तिथल्या चिठ्ठ्यांच्या कडा भिजलेल्या साबणासारख्या बुळबुळीत झाल्या आहेत.

शनिवार, १६
देवापुढे बसले आणि स्तोत्राची पहिली ओळच येईना. लग्नाआधीपासून म्हणते आहे. ताप असताना म्हटलं, हे गेले त्या दिवशीसुद्धा म्हटलं. आज तोंड उघडलं आणि आत नुसती जीभ.

फळ्यावर जाऊन शोधलं. चिठ्ठी सापडली. फुगली होती. अक्षरं लांबून तारा झालेली, कोणीतरी गोळी चोखून परत काढून ठेवावी तशी. बोट लावलं तर काचेतून बोटाला लागलं. गरम. बोट उचललं तर तार आली, तुटेना. साबण संपेपर्यंत हात धुतले. माझ्या देवाचं नाव कुणाच्या तरी लाळेत लोळतं आहे, आणि मी ते स्वतःच्या हाताने तिथे ठेवलं.

ठकूला खडसावून सांगितलं, आजपासून तो फळा बंद. म्हणाली, आज शेवटचं एकच ठेवते.

रविवार, १७
ठकू सकाळी स्वयंपाकघरात आली. फार गोड बोलली. म्हणाली, मावशी, तुम्ही काम अगदी स्वच्छ करता हो, आमच्याकडे किती दिवस आहात?

मी म्हटलं, ठकू, सकाळी सकाळी थट्टा नको. तर तिने मागे वळून पाहिलं, ठकू कोण आली ते बघायला.

फळ्यावर माझा फोटो आहे. खाली लिहिलंय: आई. काल ठेवला तिने. माझा फोटो गळ्यापर्यंत त्या कातडीत गेला आहे.

वायर उपटली. काच काळी झाली, पण ओली राहिली. थोरलीला फोन करायला गेले तर नंबर — तो फळ्यावर. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई ठकूला पाहून गेल्या. थकवा आहे म्हणाल्या, झोपू द्या. त्यांना वास आला नसेल? उंबऱ्यापासून येतो आहे.

मंगळवार, १९
काचेच्या खालच्या कडेतून गळतं आहे. घट्ट, करडं, त्यात बारीक केस. खाली वाटी लावली. खरवडताना एक थेंब उडून ओठावर पडला आणि नकळत जीभ फिरली.

आंबलेलं दूध, नखातला मळ, आजाऱ्याच्या उशीचा घामट वास, सगळं एका थेंबात. आणि लगेच स्तोत्राची पहिली ओळ! लख्ख. सुरासकट.

मग ओकले. ओळ गेली.

म्हणजे पोटात राहायला हवं. परत हवं असेल तर गिळायचं, आणि ओकायचं नाही. अन्न टाकायचं नाही म्हणून जन्मभर शिळंपाकं गिळलं मी. पण हे —

फळीवर देवाशेजारी एका माणसाचा फोटो आहे. चष्मेवाला. माझ्याकडे ओळखीचं बघतो.

बुधवार, २०
वायर उपटलेली, तरी काच आपसूक उजळली. कातडी माझ्या कोपऱ्यात आली. चिठ्ठ्या एकमेकींत विरघळल्या. तिच्या कुठल्या, माझ्या कुठल्या, कळत नाही. तिची आई आणि माझी ठकू एकाच लगद्यात. वाटी भरली आणि गळणं थांबलं. काचेत आता काही नाही. उरलं ते वाटीत.

मी खाल्लं तर ती मला आठवत राहील. तिने खाल्लं तर मी तिला आठवेन. वाटी एकच.

तिचं लहानपण आत्ताच धूसर — गोवर की कांजिण्या? मांडीवर कोण होतं?

विचार काय करायचा. आधी लेकराच्या तोंडात, मग आपल्या. उरलं तर.

दुपारी
तोंड घट्ट मिटून बसली. मान फिरवते. मावशी, घाण आहे, नको म्हणते. तिचं नाक धरलं. चमचा आत घातला. हनुवटीवरून ओघळलं ते बोटाने निपटून पुन्हा आत. तोंडावर हात दाबून धरला, गिळेपर्यंत.

तिसऱ्या घासाला थांबली. म्हणाली, नर्सबाईंचे हात गार होते. पहाट होती. मूल आधी रडलंच नाही, उलटं धरून चापटी मारली तेव्हा रडलं. किती हलकी होती, म्हणाली, हातात मावत होती.

हे — हे तर माझं. मी लिहिलं होतं. माझ्यात शोधते तर —

अजून एक घास. तळाशी असेल. तिची आई तळाशी —

संध्याकाळ
वाटी निपटली. काही उरलं नाही.

ती रडते आहे. मला म्हणते — सारखं तेच — काय केलंस, काय केलंस, आणि मग तो एक शब्द

तारीख —
एक बाई समोर बसली आहे. चांगल्या घरची वाटते. पण हनुवटीवर करडं वाळलेलं, दातांत केस, तोंडाला घाण वास. गळ्यात पडायला बघते. शी. दोनदा ढकललं. परत येते. चिकटते.

कोणाची असेल. हिच्या आईने हिला साधं तोंड पुसायला —

मी म्हटलं, बाई, लांब बस. कोण हवंय तुला?

दोनच अक्षरं म्हणते. पुन्हा पुन्हा. मी वहीत लिहून घेते, कोणी आलं तर विचारीन, म्हणजे हिला घरी — पहिलं अक्षर