ओळीओळीला माझं नाव

सोमवार, १० मार्च २०२५. एकादशी.
आमच्या भजनी मंडळाचं गवळणींचं पुस्तक चैत्रातल्या सप्ताहात निघणार. सूनबाईंनी, म्हणजे आरतीनं, पुण्याहून गिट म्हणून सामाईक पेटी काढून दिली. लॅपटॉपवरून सगळ्यांनी त्यात लिहायचं. कुणी कोणती ओळ घातली ते नावानिशी दिसतं. मंडळाच्या प्रमुख कुशाबाई म्हणाल्या, "जिच्या जास्त वळी, ती संपादिका." म्हणजे मीच. मॅट्रिकला मराठीत पहिली होते. बाकीच्यांनी टाळ धड वाजवले तरी पुष्कळ.

गुरुवार, १३ मार्च. होळी.
उज्ज्वला, माझी धाकटी जाऊ, राजुरीच्या म्हाताऱ्यांकडून गवळणी उतरवून पेटीत टाकते. बी.ए. झालीय, त्याचा तोरा. फाइलींना कुणाकुणाचे हात लागतात, देव जाणे. संकल्प: रोज पूजा आटोपली की प्रत्येक फाइल उघडायची, हात जोडायचे, सेव्ह करून पाठवायची. वाचत बसायचं नाही. वीज फुकट येत नाही.

सोमवार, १७ मार्च. सकाळी.
चमत्कार! पेटीत प्रत्येक ओळीपुढं माझं नाव! देव सेवा बघतो.
उज्ज्वलाचा रडवेला फोन. "जाऊबाई, एक कडवं घालायला गेले तर अख्खी फाइल भांडायला उठते." म्हटलं, हाताचा गुण असतो एकेकीच्या.

शुक्रवार, २१ मार्च
आरती फोनवर समजावत होती. "आई, तुमचा लॅपटॉप ओळीच्या शेवटी दोन न दिसणाऱ्या खुणा ठेवतो, काकूंचा एकच. तुम्ही नुसतं सेव्ह केलं तरी सगळ्या ओळी तुम्ही बदलल्यासारख्या दिसतात, आणि काकूंच्या बदलांशी भांडतात." नोकरीला हिची एवढी मोठी कंपनी, आणि काम काय, तर न दिसणाऱ्या खुणा शोधायच्या! ताटाभोवती फिरवलेलं पाणीही वाळून जातं. म्हणून काय ते वाया गेलं? आणि दोन खुणांची उधळपट्टी लॅपटॉपची, माझी नव्हे. मी अर्धी उदबत्ती विझवून संध्याकाळी लावते.
सेवा चालूच ठेवली.

मंगळवार, २५ मार्च. एकादशी.
दरोडा! आरतीनं पेटीत नियमाची फाइल घातली: लॅपटॉप कुठलाही असो, पेटीत ओळीमागं एकच खूण राहणार. जुन्या ओळीही सरळ केल्या. आता सगळीकडं तिचंच नाव! गवळण गातात की तळतात हे हिला ठाऊक नाही, आणि ही संपादिका? भर मंडळात म्हटलं, खुणांचे बदल बाजूला काढा आणि कुणी खरंच काय लिहिलं ते दाखवा. कुशाबाई म्हणाल्या, "दाखवू की. लई कटकट झाली तुमा सासू-सुनंची."
मला कसली भीती?

शनिवार, २९ मार्च
पुण्याहून आलेल्या आरतीनं देवळात सगळ्यांसमोर दाखवलं. तिचं नाव फक्त नियमाच्या फाइलीवर. जिरली! गवळणी झाडून उज्ज्वलाच्या. माझ्या नावावर एकच ओळ, पहिल्या पानावरची. 'संपादिका: सौ. मंगल.'
बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुशाबाई म्हणाल्या, "मंगल, तेवढी वळ तूच खोड बाई. तुजी हाय, आमी कशाला हात लावू?"
खोडली. सेव्ह केली. पाठवली.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
फाइल उघडून पहिल्यांदाच वाचली.
बऱ्या आहेत मेल्या गवळणी.