मांजरपाटावरची पानं

३ ऑक्टोबर

पुन्हा ‘नको’! सकाळपासून तिसऱ्यांदा. ब्रश धुऊन, पुसून समोर ठेवला, तर यांनी उचलला आणि माझ्याच हातात परत दिला. ‘नको.’ सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून बाकी सगळे शब्द अडखळतात. हा एकच कसा अगदी स्वच्छ निघतो.

अडतीस वर्षं पाट्या रंगवल्या या माणसाने. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. फूटपट्टी न लावता हातभर रेघ ओढायचे. आता उजवा हात मांडीवर पडून असतो आणि डावा चहाच्या कपापुरता. मला यांच्या हातात ब्रश बघायचाय. पाट्या नकोत, काही नको. फक्त ब्रश.

५ ऑक्टोबर

लेकीचा फोन. नव्या घराच्या खिडकीला पडदा शिवून दे म्हणाली, आणि चार उशांचे अभ्रे. ‘बाहेर बदामाची पानगळ सुरू झालीय ना आई, तसलंच काहीतरी कर. आणि रंगाचं काम बाबांकडून करून घे.’

हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

६ ऑक्टोबर

फुटपाथवरून पिशवीभर पानं वेचून आणली. लाल, पिवळी, तपकिरी. झाडूवाला बघत होता. म्हणाला, ‘बाई, सगळीच न्या की, माझा एक दिवस वाचेल!’

टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, वर मांजरपाट ताणून बसवला. पानाच्या पाठीला रंग लावायचा, ती बाजू खाली करून पान कापडावर ठेवायचं, वर कागद, कागदावरून लाटणं. पान उचललं की खाली त्याचा ठसा. लहान मुलांचा उद्योग! यांना म्हटलं, ‘तुम्ही नुसतं लाटणं फिरवा. ब्रशचं नावसुद्धा काढत नाही मी.’

फिरवलं! डाव्या हाताने. पान स्वतःच उचललं आणि ठसा बघून हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. मी ‘दूध उतू जातंय’ म्हणत स्वयंपाकघरात पळाले आणि रडून घेतलं. दूध काही गॅसवर नव्हतंच.

९ ऑक्टोबर

ठशात पानाच्या शिरा नीट उठत नाहीत, मध्येच रंग तुटतो. मला चाललं असतं. यांना खटकलं! माझ्याकडे न बघता डावा हात पुढे केला. मी ब्रश दिला — शून्य नंबरचा, सगळ्यात बारीक. मी एक शब्द बोलले असते तर यांनी ठेवून दिला असता.

एका पानाला पाऊण तास लागला.

१० ऑक्टोबर

पाच पानं!!

१३ ऑक्टोबर

खरं कुठे लिहायचं तर इथेच. रेघा वाईट आहेत. पानाची मधली शीर एक हवी, तर तिथे दोन दिसतात — एकीला चिकटून दुसरी, थरथरलेली. कडा पुसट. मी तोंडाने ‘वा वा’ करते. व्यायाम शिकवायला येते ती मुलगीही म्हणाली, ‘काका, हात काय मस्त बसलाय तुमचा!’ तिचं कामच आहे ते. पेशंटला कोण वाईट म्हणेल?

पण लेक हा पडदा बाहेरच्या खोलीत लावणार. कोणीतरी पाहुणा विचारणार, ‘कुठल्या लहान मुलाने रंगवलाय हो?’ आणि हे तिथेच बसलेले असणार. मग ब्रश कायमचा सुटला.

१४ ऑक्टोबर

उपाय सापडला. दुपारी हे झोपले की त्या रेघांवरून धावदोरा घालायचा, रंगाला जुळेल असा. वर सरळ टाका बसला की खालची थरथर कोणाला दिसतेय? चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. कोणाच्या कामावर गुपचूप हात फिरवणं बरं नाही, कळतं मला. पण यांच्यासाठी करतेय ना!

सुया मात्र हल्ली भंगार येतात. नेढ्यात दोरा जाता जात नाही. यांनी काल सुई उशीत खोचून एका हाताने ओवून दिली, पहिल्याच खेपेला. नशीब! वर म्हणाले, ‘नाचता येईना… अंगण वाकडं. डोळे दाखव.’ म्हटलं, ‘तुम्ही आधी व्यायामाचं बघा.’

१६ ऑक्टोबर

दोन अभ्र्यांच्या कडा मशीनवर मारल्या. टीप पळते. मशीनला तेल द्यायला हवं. खोलीतला दिवाही मंद झालाय, तोही बदलला. या घरात मी एकटी सोडून सगळ्यांचं वय झालंय!

१८ ऑक्टोबर

लेकीला फोटो पाठवला. ‘आई, टाके मुद्दाम असे घातलेस?’

‘मुद्दामच!’

मग म्हणाली, ‘वेगळंच दिसतंय. आवडलं.’

चला, युक्ती लागू पडली.

२१ ऑक्टोबर

सापडले! हे आज लवकर उठले. काठी टेकत पाठीमागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. मी यांच्याच पानात सुई घालून बसलेली.

काय सांगणार? ‘जरा शोभा वाढवतेय,’ म्हटलं. यांनी कापड जवळ ओढलं. खूप वेळ बघितलं. टाक्यांवरून बोट फिरवलं, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

‘शिरा… तूच काढ,’ म्हणाले. एकेक शब्द जुळवत. ‘दोऱ्याने. मी… लाटणं.’

आणि ब्रश धुऊन डब्यात ठेवला.

२२ ऑक्टोबर

ब्रश डब्यात.

२४ ऑक्टोबर

हे काय करून बसले मी! सात महिने ज्याची वाट बघितली, ते बारा दिवस मिळालं आणि मीच घालवलं. कोणाचा काठ उसवलेला दिसला की सुई घेऊन धावायची ही माझी खोड. नवऱ्याच्या हातावरसुद्धा रफू करायला निघाले. यांना काय वाटलं असेल? की हिलासुद्धा माझ्या रेघेची लाज वाटते.

हे रोज मुकाट्याने लाटणं फिरवतात. मी शिरा शिवते. पडदा पुरा होत आला आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

आज सगळे टाके उसवायला बसले. यांनी कात्री काढून घेतली.

‘राहू दे. छान आहेत.’

‘छान कसले? तुमचं काम झाकलं मी. चुकलं माझं!’

कात्री खिशात घातली आणि म्हणाले, ‘डोळे दाखव. मग… ब्रश घेतो.’

म्हातारपणी अटी घालताहेत! म्हटलं, ठरलं. डोळेच काय, दात आणि कानही दाखवते.

२७ ऑक्टोबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजवा जास्त पिकलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘आजी, अशा डोळ्यांनी तुम्ही शिवणकाम करत होतात?’ म्हटलं, बोटांना पाठ आहे. हे शेजारच्या खुर्चीत खाली बघत बसले होते.

पुढच्या आठवड्यात उजव्याचं ऑपरेशन. भीती वाटते, पण शब्द दिलाय.

३ नोव्हेंबर

झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी, अक्षर ओळ सोडून चाललंय. वीस मिनिटांचं काम, मी उगाच घाबरले. बाहेर आल्यापासून घरी येईपर्यंत यांनी हात धरून ठेवला होता. डाव्या हाताची पकड काय घट्ट आहे!

४ नोव्हेंबर

पट्टी निघाली. घरी येऊन पहिल्यांदा पडदा बघितला.

शीर एकच आहे. यांनी रंगवलेल्या प्रत्येक पानात एकच — देठापासून टोकापर्यंत सरळ, केसासारखी बारीक. माझे टाके तिच्या आजूबाजूने भरकटलेत. काही तर पान सोडून कोऱ्या कापडावर गेलेत.

यांचा हात, डावा का होईना, कधीच परत आला होता. माझे टाके चुकलेत हे मला कळू नये म्हणून ब्रश ठेवला यांनी.