तिसरं चाक आणि टेंभुर्णीचा रस्ता

७ जून १९३१, रविवार
फटफटी आली. सेकंडहँड, पण आवाज फर्स्टक्लास. मागचं कॅरिअर आल्याबरोबर काढून टाकलं. दोन चाकांवर दुसऱ्या माणसाला जागा नसते, हाच तिचा मोठा गुण. सात वर्षं संगप्पांचा घरजावई आहे. पंगतीत पहिला पाट माझा, त्यांच्या भुसार दुकानात शेवटचा. जीव गुदमरतो. टेंभुर्णीच्या माझ्या मित्राचं, श्रीमंतचं, पत्र आलं आहे. त्याच्या मोटार सर्व्हिसला मॅनेजर हवा, स्वतःची फटफटी असलेला. १२ जुलैपर्यंत हजर व्हायचं. घरात कुणाला बोललेलो नाही. दाक्षायणीला मागाहून बोलावून घेईन. सगळा विचार झालेला आहे.

९ जून
दोनदा पडलो. एकदा म्हशीमुळे. दुसऱ्यांदा म्हैस नव्हती, पण तिचाच विचार मनात होता.

१४ जून, सकाळी
दुकानासमोरच पडलो. गिऱ्हाइकं उभी होती. सासरे म्हणाले, "दोन पायांवर ते उभं ऱ्हात न्हाय, जावईबापू. तिसरा लावा की." हसलो. माणसानं हसतमुख असावं. गुडघा सुजला आहे.

२१ जून, रविवार
धोंड्याचा महिना. जावयाचं वाण. तेहतीस अनारशांचं ताट येणार, असं धरून होतो. ताट आलंच, आणि मागून चार हमाल साइडकार उचलून घेऊन आले. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. वाण नाकारता येत नाही, आणि एकदा जोडल्यावर सोडून ठेवणं म्हणजे सासऱ्यांच्या तोंडावर मारणं. संध्याकाळी शांतपणे विचार केला. तीन चाकंच खरी. थांबलं तरी पाय टेकावा लागत नाही. दोन चाकं पोरासोरांना ठीक.

२२ जून, सोमवार
सासूबाई, म्हणजे गुरम्मा, साइडकारमध्ये बसून सिद्धेश्वराला. जावयासमोर पदर नाकापर्यंत ओढतात, त्यामुळे रस्ता दिसत नाही. तरी देऊळ येईपर्यंत कानडीत "निधान, निधान", म्हणजे हळू, हळू, चालूच होतं. सावकाश चालवत होतो तरी. उद्या त्यांच्या बहिणीकडे. परवा बांगडीवाल्याकडे. गल्लीतली पोरं साइडकारला पाळणा म्हणतात.

२८ जून
पहाटे एकटा सरावाला गेलो. डावीकडे वळलो तर रिकामी साइडकार हवेत. गटारात गेलो. मायाप्पा मिस्त्री म्हणाला, डबा डाव्या अंगाला, म्हणून तिकडं वळताना आत वजन पायजे. "कुणालातरी बसवा की, मालक. उजवीकडं कसंबी वळा." दुपारी सासूबाई बसल्या तर लोण्यासारखी वळली. ज्यांच्या घरातून निघायचं, त्यांच्याशिवाय वळता येत नाही. रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली म्हणालो.

५ जुलै
वजनाचा प्रश्न. ज्वारीचं पोतं? सासऱ्यांची ज्वारी घेऊन जावई पळाला, असं अख्खं सोलापूर म्हणेल. धोंडे भरून पाहिले. सासूबाईंनी पाहिलं आणि हळदकुंकवाच्या वस्तूत दगड घालता म्हणून दिवसभर जेवल्या नाहीत. मीच काढले. निष्कर्ष : वजन ही भित्र्यांची गरज. वेग ठेवला की झालं.

११ जुलै, रात्री
उद्या. दाक्षायणीनं विचारलं, कुटं निघालात? म्हणालो, जरा हवा खायला. फार बोलली नाही. समजूतदार बाई.

१२ जुलै, रविवार, सकाळी ११
पहाटे पाचला निघालो. मन हलकं. नाक्यावर टेंभुर्णीचा रस्ता डावीकडे. हँडल वळवलं, साइडकार उचलली गेली, हँडल सरळ केलं. विचार केला, उजवीकडून जाऊ, पुढे एखादा रस्ता मिळेलच. मिळाला, तोही डावीकडे. पुन्हा उजवीकडे वळलो. मग पुन्हा. चौथ्यांदा वळलो तेव्हा समोर आमचं दुकान. सासरे दातण करत होते. म्हणाले, "लवकर आलात की."

दाक्षायणी पायरीवर बसली होती. नवं इरकल नेसलेली, मांडीवर गाठोडं. अक्कलकोटला मावशीकडे निघालीस का, म्हणून विचारलं. म्हणाली, "पोस्टमनकडनं टेंभुर्णीचं पत्र मीच घेतलं हुतं. मी बसले असते की डब्यात."

१३ जुलै, सोमवार
गाठोडं सोडून तिनं लुगडी पेटीत ठेवली. पोतं सुचलं, धोंडे सुचले. ती सुचली नाही. आज तिला घेऊन जावं म्हटलं, तर म्हणाली, आता नको. श्रीमंतनं दुसरा माणूस ठेवला असेल.

सासरे म्हणतात, साइडकार रिकामी असते तेव्हा स्टेशनवर दोन पोती पोचवत जा. बरं म्हणालो. चारला सासूबाईंना देवळात न्यायचं आहे.